मला खळ कुणी घातली?

मी एक जुना तंबू आहे आणि मला भयंकर राग आलेला आहे. मित्रांनो, आपली कहाणी सांगणाऱ्या वस्तू बहुतेक वेळा गरीब स्वभावाच्या असतात. फुटका माठ असो की मोडकी छत्री असो, त्या उसासे टाकत बोलतात आणि शेवटी सगळ्यांना क्षमा करून मोकळ्या होतात. माझ्याकडून तसली अपेक्षा ठेवू नका. मी आठ मुलांना पोटात घेऊन भर पावसात उभा राहणारा तंबू आहे. आणि मला साडीला घालतात तशी खळ घातली! खळ! तेव्हा मी जरा मोठ्याने बोललो तर कान झाकू नका. सुरुवातीपासूनच सांगतो.

माझा जन्म बेळगावच्या कॅम्पात, म्हणजे लष्करी वस्तीत झाला. तिथे नागोजी नावाचे एक कारागीर होते. पलटणीचे तंबू, ट्रकवरची आच्छादनं असली दणकट शिवणकामं ते करायचे. त्यांनी जाड खाकी कॅनव्हास घेतला, दुहेरी शिवण मारली, कोपऱ्यांना चामड्याचे तुकडे लावले, दोऱ्यांसाठी पितळी कड्या ठोकल्या. मग मला उन्हात आडवं धरून डोळे बारीक करून पाहिलं. उजेडाचा एकही ठिपका आत आला नाही. तेव्हा कुठे त्यांनी मला शरद सरांच्या हवाली केलं.

"मास्तर, जपा ह्याला," ते म्हणाले. "साबण दाखवू नका. ओला असताना घडी घालू नका. मग तुमच्या पोरांची पोरंबी ह्यात झोपतील."

शरद सर म्हणजे बेळगावातल्याच शहापूर भागातल्या आमच्या शाळेचे स्काउट मास्तर. गणित शिकवायचे आणि शिट्टी गळ्यात घालून फिरायचे. एकोणीस वर्षं त्यांनी मला सांभाळलं. कॅनव्हास झाला तरी शेवटी कापडच, मित्रांनो. त्यातून पाणी झिरपणारच. ते अडवायचं काम मेण करतं. म्हणून दर एप्रिलमध्ये मुलं मेणबत्त्यांची थोटकं गोळा करायची. कॅम्पातल्या चर्चमधून तर पिशवीभर थोटकं यायची. सर ती एका जुन्या डब्यात वितळवायचे, कुंच्याने माझ्या अंगावर फासायचे आणि वरून गरम इस्त्री फिरवायचे. इस्त्रीचा चटका बसायचा खरा, पण त्यानंतर वर्षभर माझ्याकडे बघून ढगांनीही विचार करावा असा मी व्हायचो.

आणि मग व्हायची चिरमुऱ्यांची परीक्षा. ही परीक्षा जगात दुसऱ्या कुठल्या तंबूला द्यावी लागते का, मला ठाऊक नाही. शिबिराला निघण्याआधी मला शाळेच्या मैदानात उभा करायचे. आत मोठ्या परातीत चिरमुरे पसरायचे. एक जण पहारा द्यायला आत बसायचा आणि बाकीचे स्टुलावर चढून माझ्यावर बादल्यांमागून बादल्या ओतायचे. बरोबर अर्धा तास. मग पालक आत येऊन परातीतले चिरमुरे खाऊन बघायचे. कुरकुरीत लागले तर पथक शिबिराला जाणार. मऊ लागले तर पथक घरी. शरद सरांचा नियम म्हणजे नियम. एकोणीस वर्षांत माझ्या पोटातला एकही चिरमुरा मऊ पडला नाही. परीक्षेनंतर त्याच चिरमुऱ्यांचं भडंग व्हायचं आणि सगळे माझ्याच सावलीत बसून खायचे.

पुढे सर निवृत्त झाले. त्यानंतर साथीमुळे शाळाच बंद पडल्या, तोंडाला फडकी आली आणि शिबिरं थांबली. माझ्या सोबतचे तीन तंबू त्या काळात उंदरांनी खाल्ले. मला जिन्याखाली मोडक्या बाकांमध्ये कोंबलं होतं, म्हणून मी वाचलो. वाचलो म्हणजे काय, ऐका. एका पावसाळ्यात मला सिमेंटच्या पोत्यांवर टाकलं. एकदा स्नेहसंमेलनात डोंगर म्हणून मागे टांगलं. कुणीतरी माझ्यावर मिरच्या वाळत घातल्या. तंबूला शिंकता येत असतं तर अख्खी शाळा हादरली असती. चार वर्षांत एकानेही मला पूर्ण उलगडून पाहिलं नाही.

आता यंदाचं सांगतो. शाळेत निशांत सर नावाचे तरुण शिक्षक आले. माणूस वाईट नाही, हे मी रागातही कबूल करतो. त्यांनीच बंद पडलेलं पथक पुन्हा सुरू केलं. मुलांना गाठी शिकवल्या, दोन दगडांवर भात शिजवायला शिकवला. मे महिन्यात कडोलीच्या पलीकडच्या माळावर अनेक शाळांचं मिळून आठवडाभराचं शिबिर ठरलं. आठ मुलं जाणार होती आणि त्यांचा नायक होता धवल.

हा धवल वडगावचा. घरी साड्या विणायचा माग. नववीची परीक्षा नुकतीच झालेली. वर्षभर तो पथकाचा नायक होता, पण शिबिर एकदाही झालं नव्हतं. जूनपासून दहावी सुरू होणार आणि दहावीत कुठे जायचं नाही, हे त्याच्या वडिलांनी आधीच बजावलं होतं. म्हणजे यंदा नाही तर कधीच नाही. पोरगं रोज संध्याकाळी शाळेत यायचं, दोर मोजायचं, खुंट्या घासायचं. जिन्याखालून मला त्यानेच ओढून काढलं. "लई जड हाय रं हा," तो मित्राला म्हणाला आणि माझी धूळ हाताने झटकली. चार वर्षांनी माझ्या पाठीवरून कुणाचा तरी हात फिरला होता.

तेवढ्यात निशांत सर आले. माझ्याकडे बघून त्यांनी नाक मुरडलं.

"शी! हे असलं कळकट घेऊन जायचं? तिथे रोज तपासणी असते. टापटिपीची ढाल आपल्याला मिळाली पाहिजे. धवल, घरी ने आणि स्वच्छ करून आण. अगदी नव्यासारखा कडक दिसला पाहिजे."

तो कळकटपणा मेणाचा होता! एकोणीस वर्षांचं मेण होतं ते! पण मला विचारतंय कोण?

धवलने मला वडगावला नेलं. त्याची आई बेबीआक्का म्हणजे झपाट्याने काम करणारी बाई. दिवसा मागावर आणि संध्याकाळी शेजारपाजारच्या सुती साड्यांना खळ घालून द्यायची. तिच्या हातची साडी नेसली की आठवडाभर निरी मोडत नाही, असं अख्खी गल्ली म्हणते. तिने मला कढत पाण्यात सोडा घालून भिजवलं. मग दगडावर बडव बडव बडवलं. पाणी खाकी झालं, वर मेणाचा तवंग आला. माझं कवच डोळ्यांदेखत गटारात वाहून गेलं आणि मी काही करू शकलो नाही.

एवढ्यावर थांबली का ती? छे! "पोराचा तंबू हाय, जरा झ्याक दिसूदे," म्हणत तिने मोठ्या पातेल्यात खळ शिजवली आणि मला त्यात बुचकळून काढलं. वाळल्यावर मी पापडासारखा ताठ उभा! अंगाला भाताचा वास! दुपारी गल्लीतली एक गाय येऊन माझा कोपरा चाटून गेली. मित्रांनो, पलटणीच्या कारागिराने शिवलेल्या तंबूला गाय चाटते, ह्यापरता अपमान तो कोणता?

शाळेत मात्र सगळे खूश. निशांत सरांनी माझे फोटो काढून पालकांच्या ग्रुपवर टाकले. "वा, धवल! याला म्हणतात तयारी!" धवलचा चेहरा फुलला. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता.

मुख्याध्यापिका मंजुश्री बाई मात्र जुन्या. त्या म्हणाल्या, "चिरमुऱ्यांची परीक्षा झाल्याशिवाय मी परवानगीच्या कागदावर सही करणार नाही. पालक माझ्या भरवशावर मुलं पाठवतात."

निशांत सर हसले. पण बाई हसल्या नाहीत, म्हणून गुरुवारी संध्याकाळी परीक्षा ठरली. पालक जमले. बेबीआक्का ठेवणीतली साडी नेसून पुढे उभी होती. धवल आत परातीपाशी बसला. पहिली बादली पडली.

पहिल्याच बादलीला मी गळलो. दुसऱ्या बादलीला माझ्या अंगातली खळ सुटली आणि पांढरं, चिकट पाणी धवलच्या डोक्यावर, मानेवर, परातीत टपटपायला लागलं. मी जीव खाऊन पाणी अडवायला बघत होतो. पण अडवणार कशाने? पाच मिनिटांत चिरमुऱ्यांचा लगदा झाला. धवल बाहेर आला तेव्हा त्याच्या भुवयांवर खळ होती. पोरं खो खो हसली. धवल परात हातात धरून उभा राहिला.

निशांत सरांचा चेहरा उतरला. सगळ्या पालकांसमोर त्यांची फजिती झाली होती आणि ती त्यांना कुणावर तरी ढकलायची होती.

"तंबूला खळ?" ते बेबीआक्कावर ओरडले. "अहो, एवढंही कळत नाही का? तुमच्यामुळे आठ मुलांचं शिबिर बुडालं!"

"सर, आईला बोलू नकासा," धवल म्हणाला. "तंबू मी नेलता."

"थांब रं तू," बेबीआक्का म्हणाली. तिचा आवाज चढला. "व्हय सर, खळ मीच घातली. पर नव्यासारखा कडक करून आणा म्हणून कुणी सांगिटलं? तंबूला काय चालतं आन् काय न्हाय, ते तुमास्नी तरी ठावं होतं काय?"

सरांनी मान वळवली. खरं सांगतो, मित्रांनो. त्या बाईवर मी तीन दिवस दातओठ खात होतो. पण तिने तिला येत होतं ते सगळं माझ्यावर ओतलं होतं, आपल्या पोरासाठी. माझा राग तिच्यावरून उठला आणि निशांत सरांवर जाऊन बसला.

मंजुश्री बाईंनी घड्याळ पाहिलं. "बस रविवारी सकाळी आहे. शनिवारी संध्याकाळी पुन्हा परीक्षा घेऊ. तेव्हाही चिरमुरे मऊ लागले तर शिबिर रद्द. शरद सरांना जाऊन विचारा. ते अजून शहापुरातच राहतात."

"त्यांना कशाला त्रास द्यायचा? मी बघतो नेटवर," निशांत सर पुटपुटले आणि निघून गेले. बेबीआक्काने मात्र मला तसाच निथळता रिक्षात टाकलं, धवलला शेजारी बसवलं आणि थेट शरद सरांचं दार वाजवलं.

सर आता थकले होते. त्यांनी माझ्यावरून बोटं फिरवली, वास घेतला आणि त्यांचा पारा चढला. "कुणी केलं हे? एकोणीस वर्षं मी ह्याला साबणाचा थेंब लागू दिला नाही! चार वर्षांत एकाला तरी वाटलं का मला विचारावं असं?"

बेबीआक्काने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "वरडून घ्या सर, चूक झालीया. पर हे सगळं तुमी कुठं लिवून ठेवलंसा काय? आमच्यात मागाचं काम पुढच्याला शिकवल्याबिगर कुणी उठत न्हाय. तुमी तर न सांगताच उठून गेलासा."

शाबास! हेच मला चार वर्षं म्हणायचं होतं! कारण मित्रांनो, माझा शरद सरांवरही राग होता. सत्काराची शाल घेऊन गेले आणि मला जिन्याखाली कुणाच्या भरवशावर सोडलं?

सर उठले. मग त्यांनी आतून तो जुना डबा आणला. "खरं आहे, बाई," ते म्हणाले. "धवल, उद्या सकाळी कॅम्पात जा. चर्चमध्ये थोटकं मागून आण. शरद मास्तरांनी पाठवलंय म्हण."

शुक्रवारी तिघांनी मला सात वेळा साध्या पाण्यातून काढलं, खळीचा कण न् कण जाईपर्यंत. दिवसभर गच्चीवर उन्हात वाळवलं. शनिवारी सकाळी मेण वितळलं. सरांनी कुंचा हातात घेतला, पण त्यांचा हात कापत होता. मेण कुठे जाड पडायचं, तर कुठे लागायचंच नाही.

"द्या हिकडं," बेबीआक्का म्हणाली.

मागावरच्या सुताला खळ लावताना एक धागा कोरडा राहून चालत नाही आणि एक धागा जास्त ओला होऊन चालत नाही. बेबीआक्काचं अर्धं आयुष्य त्यातच गेलं होतं. तिने कुंचा चालवला आणि मेण माझ्या अंगावर एकसारखं पसरत गेलं, शिवणींत शिरलं, कड्यांभोवती फिरलं. धवल मागून इस्त्री फिरवत होता. सर खुर्चीत बसून बघत राहिले. "एकोणीस वर्षं मी हेच करत होतो," ते म्हणाले, "पण असा हात मला कधी नव्हता."

शनिवारी संध्याकाळी पुन्हा मैदान, पुन्हा परात, पुन्हा पालक, आणि या वेळी शरद सरही. मंजुश्री बाई म्हणाल्या, "आज आत स्काउट मास्तर बसतील." निशांत सर मुकाट्याने आत शिरले. धवल स्वतः स्टुलावर चढला. बादल्या पडायला लागल्या आणि पाणी माझ्यावरून घरंगळत खाली गेलं. दहा बादल्या, वीस, तीस. मी छाती काढून उभा होतो.

आणि तेव्हा ह्या भल्या माणसाला काय सुचावं! छत आतून खरंच कोरडं आहे का, हे बघायला त्यांनी बोट वर केलं आणि माझ्या पोटाला टेकवलं. अहो, नका! नका! ओल्या कॅनव्हासला आतून बोट लागलं की पाण्याला तिथे वाट मिळते! शरद सरांची पाचवीतली पोरंसुद्धा हे जाणायची. मी ओरडलो, पण तंबूचं ओरडणं कुणाला ऐकू जातं? त्या एकाच जागी थेंब जमला आणि खाली परातीत पडला. मग दुसरा पडला.

चार-पाच चिरमुरे भिजले. निशांत सरांनी ते पाहिलं. बाहेर कुणालाच काही दिसलं नव्हतं. त्यांनी पटकन परात सरकवली, ते भिजलेले चिरमुरे उचलले आणि मूठ मिटली.

अर्धा तास झाला. पालक आत आले. प्रत्येकाने चिमूटभर चिरमुरे तोंडात टाकले आणि माझ्या पोटात कुर्रकुर्र आवाज घुमला. सगळ्यात शेवटी बेबीआक्काने खाल्ले. तिने डोळे मिटले, चावलं आणि हसली. धवलने टाळी वाजवली.

निशांत सरांची मूठ अजून मिटलेलीच होती. ते बेबीआक्काकडे बघत होते. मी मनात म्हटलं, आता हा माणूस ते गिळून टाकणार. पण त्यांनी मूठ उघडली.

"हे मऊ आहेत," ते म्हणाले.

धवलच्या चेहऱ्याचा रंग उडाला. दाराशी पोचलेलं शिबिर पुन्हा निसटलं होतं.

"तंबू गळला नाही," निशांत सर म्हणाले. "मी आतून बोट लावलं, तिथूनच पाणी आलं. लावायचं नसतं हे मला माहीत नव्हतं. गुरुवारीही मला काही माहीत नव्हतं. मी न विचारता धवलला स्वच्छ करायला सांगितलं, आणि वर सगळ्यांसमोर तुम्हालाच बोललो. बेबीताई, चूक माझी होती. मला माफ करा."

शरद सर काठी टेकत आत आले. मान वर करून त्यांनी छताचा कोपरा न् कोपरा न्याहाळला. एक बोटाएवढा ओला ठिपका सोडला तर मी कोरडा ठणठणीत होतो. "बोटाचीच खूण आहे," ते म्हणाले. "तंबू पास."

मंजुश्री बाईंनी सही केली. धवल धावत जाऊन आईला बिलगला, इतक्या पोरांसमोर, नववी पास झालेला पोरगा! बेबीआक्काने पदराने डोळे पुसले आणि लगेच निशांत सरांकडे वळली. "माफी ऱ्हाऊंद्या सर. आधी लिवून घ्या समदं."

मग शरद सर सांगत गेले आणि निशांत सर एका पांढऱ्या कापडावर लिहीत गेले. बेबीआक्काने ते कापड माझ्या दाराच्या आतल्या बाजूला शिवून टाकलं. तुम्हीही वाचून ठेवा, मित्रांनो. साबण नाही. सोडा नाही. खळ तर नाहीच नाही. दर एप्रिलला मेण. पाऊस पडताना आतून बोट लावायचं नाही. ओला असताना घडी घालायची नाही. आणि सगळ्यात खाली बेबीआक्काने सांगितलेली ओळ आहे: ठाऊक नसेल तर विचारायचं, ठाऊक असेल तर सांगून जायचं.

तर आज शिबिराचा सातवा दिवस आहे. मंगळवारी दुपारी वळीव कोसळला. शेजारच्या दोन शाळांची मुलं अंथरुणं डोक्यावर घेऊन माझ्या पोटात शिरली आणि आठांच्या जागेत एकोणीस जण कोरडे बसले. टापटिपीची ढाल दुसऱ्याच शाळेला मिळाली. मिळू दे.

आता सकाळची वेळ आहे. माझ्या अंगावर दव आहे. बस आली आहे, ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न वाजवतो आहे. निशांत सर हातवारे करत पळत येत आहेत. "चला रे, आटपा! उशीर झाला! काढा तंबू, घाला घडी!" पोरांनी माझ्या दोऱ्या सोडल्यासुद्धा. ओलाच! मला ओलाच गुंडाळणार हे! सात दिवस झाले नाहीत तर विसरले! मी ओरडतो आहे, नेहमीसारखा, आणि नेहमीसारखंच कुणाला ऐकू जात नाही.

धवलने माझ्यावर तळहात ठेवला. त्याने तो उलटा करून पाहिला.

"थांबा रं," तो म्हणाला. "सर, बस थांबूदे. हा अजून ओला हाय."

निशांत सर थबकले. हॉर्न पुन्हा वाजला. त्यांनी एकदा बसकडे पाहिलं, एकदा माझ्या दारावरच्या कापडाकडे पाहिलं आणि ड्रायव्हरला इंजिन बंद करायला सांगितलं. मग पायातले बूट काढून त्यांनी स्वतः माझं एक टोक धरलं, धवलने दुसरं धरलं आणि दोघांनी मला उन्हात पसरलं.